रिकामा डबा कोण देणार

आमच्या ऑफिसात मी शिस्तीची बाई म्हणून ओळखली जाते. पाठीमागे वेगळ्या शब्दांत ओळखली जाते, तेही मला माहीत आहे. जालन्यात बियाण्यांच्या कंपन्यांना काही तोटा नाही. त्यातल्याच एका मध्यम कंपनीत मी सोळा वर्षं पाठवणीचं काम बघते. पाठवणी म्हणजे कोणतं बियाणं, किती पिशव्या, कोणत्या गावाला, कोणत्या गाडीतून. माझ्या हातून आजवर एकही पिशवी चुकीच्या गावाला गेलेली नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीनंतर जो घोटाळा झाला तो माझ्या हातून झाला, याचा ऑफिसातल्या लोकांना फार आनंद झाला. चार दिवस सगळे माझ्याशी फार गोड बोलत होते.

दिवाळीच्या आधी मोठ्या ऑफिसातून मेल आला, की प्रत्येक शाखेने गरजू लोकांसाठी धान्य गोळा करावं, आणि ते कल्पकतेने करावं. नुसतं गोळा करा म्हटलं असतं तर आम्ही दोन दिवसांत उरकून मोकळे झालो असतो. कल्पकता म्हटल्यावर साहेबांनी मीटिंग बोलावली.

आमचे साहेब माणूस भला, पण त्यांना कल्पना सुचतात. पहिली कल्पना अशी, की मीटिंगला जो उशिरा येईल त्याने एक किलो तांदूळ आणायचा. त्या आठवड्यात साहेब स्वतः चार मीटिंगना उशिरा आले. त्यातल्या दोन त्यांनीच बोलावलेल्या होत्या. चार किलो तांदूळ जमले आणि पाचव्या दिवशी साहेबांनी जाहीर केलं, की अशा शिक्षेने माणसाचा उत्साह मरतो, नियम रद्द.

दुसरी कल्पना वाढदिवसाची. केक कापायचा नाही, धान्याची रास करायची, तिच्यावर मेणबत्ती लावायची आणि रास दान करायची. रास केकसारखी गोल, गुळगुळीत दिसावी म्हणून साहेबांनी मुद्दाम राजगिरा मागवला. ज्यांचा वाढदिवस होता ते हिशेबनीस धिप्पाड गृहस्थ आहेत आणि रोज सकाळी प्राणायाम करतात. त्यांनी छाती भरून फुंकर मारली. मेणबत्ती विझली की नाही ते कोणालाच दिसलं नाही, कारण सगळ्यांनी डोळे मिटले होते. अजूनही एखादा की-बोर्ड उलटा केला की त्यातून राजगिरा पडतो.

तिसरी कल्पना डाळींच्या रांगोळीची होती. ती मी मीटिंगमध्येच मारून टाकली.

धान्य कोणाला द्यायचं हे मात्र मी मनाशी आधीच ठरवलं होतं. माझं माहेर तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातलं. तीर्थपुरीच्या शाळेत ज्या बाईंनी मला गणित शिकवलं, त्या आता निवृत्त आहेत, आणि राहत्या घरात आणि मागच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत ऊसतोड कामगारांच्या मुलींचं वसतिगृह चालवतात. दिवाळी झाली की आईबाप टोळीबरोबर कारखान्याला जातात ते थेट गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. जी मुलगी बाईंकडे राहते तिची शाळा सुरू राहते. जी आईबापांबरोबर जाते तिची तिथेच संपते. बाईंना मदत करणारे लोक आहेत, पण ती मदत हळूहळू येते. पहिले तीन आठवडे बाईंना स्वतःच निभवावे लागतात. इतकी वर्षं त्यांचा भाऊ शेतातली ज्वारी देत होता. या वर्षी भावाने सगळ्या रानात ऊस लावला, आणि उसाची भाकरी होत नाही.

भाऊबीज झाल्यावर मी रविवारी बाईंना भेटायला गेले होते. ओट्यावर ऊसतोडीला जाणारी एक आई बसली होती, शेजारी तिची मुलगी. बाई मला म्हणाल्या, “ही सातवीत आहे. हिला त्रैराशिक येतं.” बाईंच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी कधी ऐकलेलं नाही. माझं त्यांनी ते शाळेच्या सगळ्या वर्षांत मिळून एकदा केलं होतं, तेही जरा अडखळत.

मुलीची आई सरळ बोलली. “तुमच्यावर भरोसा हाय बाई, बिलकुल हाय. पण मागच्या साली दुसरीकडं ठेवल्ती, तं पोरगी अर्धी होऊन आली. पुढल्या सोमवारी आमचा ट्रक हाय. त्याच्या आधी कट्टे डोळ्यानं दिसले तर ठेवते. न्हाई तर घेऊन जाते संगं.”

कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं. मुलगी आमच्याकडे बघतही नव्हती. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता, तो ती वाचत होती, जाण्याआधी पाठ करून सोबत न्यायचा असल्यासारखा.

मी एकदम बोलून गेले. “पुढच्या रविवारी चार कट्टे इथं असतील. माझा शब्द.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. उदाहरण न सोडवता नुसतं उत्तर सांगितलं की त्या अशाच बघायच्या.

सोमवारी ऑफिसात जाऊन मी साहेबांच्या हातातून काम काढून घेतलं. माझी योजना अगदी साधी होती. प्रत्येकाने घरून एक पाच किलोचा डबा भरून आणायचा. ज्वारी, गहू, तांदूळ, तूरडाळ, जे घरात असेल ते. पाच किलोचे चाळीस डबे म्हणजे चार कट्टे. त्रैराशिक मलाही येतं. वर मी ठसक्यात सांगितलं, की प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या तर दारातून परत पाठवीन. घरचे स्वच्छ डबेच आणायचे. सगळा घोळ या एका वाक्यात होता, पण तेव्हा मला ते वाक्य फार आवडलं होतं.

मंगळवारी डबे आले. स्टीलचे, पितळी कडीचे, कोणाच्या लग्नात आहेर आलेले, कोणाच्या आजेसासूबाईंचे, झाकणावर नावं घातलेले. साहेबांच्या आईंनी पाठवलेला डबा तर इतका घासलेला होता की त्यात बघून एकीने टिकली नीट केली. एक जण कुकर घेऊन आला, कारण घरातल्या सगळ्या डब्यांत फराळ होता. मीटिंगच्या खोलीत आम्ही चार कट्टे ओळीने उभे केले, एकेका धान्याला एक, डबे ओतले, आणि बुधवारी दुपारी चारही कट्टे तोंडापर्यंत भरले. साहेबांनी फोटो काढून मोठ्या ऑफिसला पाठवून दिला. मी कट्ट्यांवर थाप मारली. झालं, म्हटलं.

आता उरले रिकामे डबे. रब्बीच्या पेरण्या चालू होत्या, निम्मी माणसं डबे ठेवून गावोगाव गेली होती. म्हणून डबे घरोघर पोचवायचं काम आमच्या शिपायाकडे दिलं. त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांची एक जुनी लुना आहे. ती मामांचं ऐकते, दुसऱ्या कोणाचं ऐकत नाही.

गुरुवारी सकाळी मी कट्टे बघायला गेले तर तूरडाळीचा कट्टा वीतभर खाली गेलेला. मला पहिल्यांदा उंदरांचा संशय आला. पण उंदीर खाल्ल्यावर वरून सपाट करून जात नाहीत. तेवढ्यात मामा आत आले, काखेत डबा. डबा खाली ठेवून त्यांनी दोन्ही हातांनी ओंजळभर डाळ उचलून डब्यात टाकली.

“मामा, काय करून राह्यलात?”

“डबे पोचवून राह्यलो, ताई.”

“मग डाळ कशाला घातली त्यात?”

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच काहीतरी वावगं बोलले. “मंग काय रिकामा देऊ? लोकाचं भांडं रिकामं देत असतेत का? आपल्याला न्हाई जमायचं ते. माझ्या मायनं न्हाई शिकवलं तसं.”

“अहो, पण ते दानाचं धान्य आहे.”

“एक ओंजळ तं हाय.”

मामांची ओंजळ म्हणजे घमेलंच आहे, पण प्रश्न नुसत्या ओंजळीचा नव्हता. ज्या घरी डबा गेला त्या घरच्या माणसांनाही त्यांच्या आयांनी तेच शिकवलं होतं. ऑफिसातून डाळ आली म्हणून घरोघर वरण शिजलं. आता आलेल्या डाळीची परतफेड नको का? दिवाळी होऊन आठवडा झालेला, घरात उरलेला फराळ कोणी खात नव्हता. डबा धुऊन, पुसून, त्यात चकल्या घालून तो दुसऱ्या दिवशी ऑफिसात परत. ऑफिसात चकल्या फस्त, आणि मामा पुन्हा तो डबा घेऊन कट्ट्याकडे. या वेळी ज्वारी, कारण डाळ एकदा देऊन झाली होती आणि तेच तेच दिलेलं मामांना बरं वाटत नव्हतं.

साहेबांच्या आईंचा डबा दोन दिवसांत दोनदा गेला आणि दोनदा आला. गव्हाला डाळ, डाळीला चकल्या, चकल्यांना ज्वारी, ज्वारीला शंकरपाळे. कुकरवाल्या घरून कुकरभर चिवडा आला. बुधवारी फोटो काढताना ज्या माणसांच्या शर्टाची बटणं नीट लागत होती, त्यांची गुरुवारी संध्याकाळी लागेनात. आमचा तूरडाळीचा कट्टा बघता बघता फराळ होऊन चालला होता.

मी चिडले. चिडल्यावर मी नोटीस लावते. “यापुढे सर्व डबे रिकामे परत केले जातील. गैरसमज नसावा.” खाली साहेबांची सही. दुपारी बघते तर नोटीस नाही. झाडणाऱ्या मावशींनी काढून ठेवली होती. एवढ्या मोठ्या अक्षरांत ‘रिकामे’ असं दारावर लिहिलेलं बरं दिसत नाही, दिवाळीचा महिना आहे, असं त्यांचं म्हणणं. मी पुन्हा लावली. सगळ्यांनी वाचली, सगळ्यांनी मान डोलावली, मॅडम बरोबर म्हणतात असंही म्हणाले. रिकामा डबा मात्र एकही गेला नाही. मग मी मीटिंगच्या खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकून घरी गेले.

शुक्रवारी सकाळी मामा आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. आत ज्वारी होती. म्हटलं, ही कुठली? मामा म्हणाले, “घरून आणली. तुम्ही कुलूप लावलं. बारा डबे राह्यलेत अजून पोचवायचे.”

म्हणजे आमच्या ऑफिसाच्या डब्यांसाठी मामा स्वतःच्या घरची ज्वारी घालून राहिले होते. मला लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, हा माझा जुना दोष आहे. मी कुलूप उघडलं, कट्टे वजनाला लावले. चाराचे सव्वातीन झाले होते. म्हणजे बाईंच्या मुलींचं चार-पाच दिवसांचं जेवण आम्ही चकल्यांपायी घालवून बसलो होतो. उरलेलं विकत आणून भरता आलं असतं. साहेबांनी तसं सुचवलंही. पण दोन दिवसांत पाऊण कट्टा गेला, तर रविवारपर्यंत आणखी किती जाईल? आणि डबे काही केल्या थांबत नव्हते. त्या ओट्यावर बसलेली मुलगी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. ट्रकात बसवलेली मुलगी आणि तिच्या मांडीवर पाढ्यांचा तक्ता.

मी मामांवर ओरडले. “रिकामा डबा दिल्याने कोणाचं काही होत नाही मामा. नुसती सवय आहे ही. समजून घेतात लोक.”

मामा शांतपणे म्हणाले, “मंग तुम्ही द्या एक. तुमचं बघून मी देतो.”

आता मागे कसं हटणार? मी साहेबांच्या आईंचा डबा उचलला. शंकरपाळे संपले होते. डबा मी स्वतः धुतला, पुसला. मामांच्या लुनावर मागे बसून साहेबांच्या घरी गेले. मामा फाटकापाशी थांबले, साक्षीला.

साहेबांच्या आईंनी, म्हणजे काकूंनी, दार उघडलं. “अगं ये, ये. उन्हाची आलीस.”

“बसत नाही काकू, डबा द्यायला आले.” मी डबा पुढे केला. काकूंनी हात पुढे केला आणि डबा धरला. आणि माझ्या हातातून तो सुटेना.

खरंच सांगते, माझ्या बोटांनी ऐकलं नाही. इतका हलका डबा मी जन्मात कोणाला दिला नव्हता. माहेरी आईने ताकाचं भांडंसुद्धा कधी तसं परत पाठवलं नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची. एका बाजूने काकूंनी धरलेला डबा, दुसऱ्या बाजूने मी. आम्ही दोघी डबा धरून थंडी कधी पडणार यावर बोललो. मग काकूंच्या गुडघ्यांवर बोललो. मग मी म्हटलं, काकू, घोटभर पाणी मिळेल का?

काकू आत वळल्या तशी मी पर्स उपसायला लागले. खोकल्याच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. सेफ्टी पिना. घनसावंगीच्या बसचं तिकीट. मीटिंगच्या खोलीची किल्ली. एक क्षणभर मी खोकल्याच्या गोळ्यांचा गंभीरपणे विचार केला. आणि तळाशी सापडलं आमच्याच कंपनीचं मेथीच्या बियाण्याचं छोटं पाकीट. शेतीच्या प्रदर्शनात आम्ही परसबागेसाठी फुकट वाटतो ते. ते मी डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. काकू पाणी घेऊन आल्या, डबा हातात घेतला, जरा हलवला. आत काहीतरी वाजलं. काकूंचा चेहरा सैल झाला आणि माझाही.

काकूंनी झाकण काढून बघितलं. “मेथीचं बी होय? बरं झालं. गच्चीवर कुंड्या नुसत्याच पडल्यात.” मग म्हणाल्या, “थांब जरा.”

“काकू, खरंच काही नको.”

पण त्या डबा घेऊन आत गेल्या होत्या. बाहेर आल्या त्या दोन्ही हातांनी डबा पेलत. काठोकाठ ज्वारी. “चकल्या संपल्या बघ. आणि बी घेऊन आलीस, बियाला चकली देणं काही शोभत नाही.”

मी फाटकाशी आले. मामांनी डबा माझ्या हातून घेतला, वजन जोखलं, झाकण उघडून बघितलं, आणि पुन्हा घट्ट लावलं. मग म्हणाले, “रिकामा देणार हुत्या ना ताई तुम्ही?”

“चला जल्दी,” मी म्हटलं.

गोदामात प्रदर्शनातून उरलेले पाकिटांचे तीन खोके पडून होते, मेथी आणि पालक. मी साहेबांकडे परवानगी मागितली. साहेब उठून उभे राहिले. “ही,” ते म्हणाले, “ही मला अपेक्षित असलेली कल्पकता.” मी मान डोलावली. मला पाकिटं हवी होती.

शनिवारी मामांनी अर्ध्या जालन्याला फेरी मारली. प्रत्येक डब्यात एक पाकीट. त्या बियाण्याला औषध लावलेलं असतं, म्हणून मामा प्रत्येक दारात उभं राहून ठणकावून सांगायचे, “पेरायचं हाय, खायचं न्हाई.” एका घरी सत्यनारायणाची पूजा चालू होती, तिथेही त्यांनी ते तितक्याच मोठ्याने सांगितलं आणि गुरुजींनी मंत्र थांबवून मान डोलावली. लोकांच्या घरी बी गेलं आणि लोक अडचणीत आले. फराळ संपलेला, आणि काकू म्हणाल्या त्याप्रमाणे बियाला काहीतरी वजनदार देणं भाग. दुपारपासून डबे परतायला लागले. गहू, ज्वारी, तांदूळ, तूर. ज्यांना मेथी मिळाली त्यांनी पालकासाठी दुसरा डबा पाठवला. ज्यांचा आमच्या ऑफिसाशी काही संबंध नाही अशा शेजारणींनी भरलेले डबे पाठवले आणि वर निरोप, की आमच्याही कुंड्या रिकाम्या आहेत. कुकर परत आला तो तांदळाने भरून, शिट्टीसकट.

जो नियम तीन दिवस आम्हाला लुटत होता तोच आता आमच्यासाठी राबत होता. संध्याकाळी चार कट्टे भरले आणि पाचवा आणावा लागला. शेवटच्या फेरीला मी प्रत्येक डब्यात पाकिटाबरोबर चिठ्ठी घातली, ‘आता काही पाठवू नका, उपकार होतील’, आणि तरी सोमवारी दोन डबे आलेच.

रविवारी सकाळी आम्ही कंपनीच्या पिकअपमधून निघालो. साहेबांना फोटोसाठी यायचं होतं, पण काकूंनी त्यांना कुंड्यांसाठी माती आणायला धाडलं. अंबडवरून पुढे तीर्थपुरीपर्यंत मामा पाठीमागे कट्ट्यांवर बसून आले. मी पुढे बसा म्हटलं तर म्हणाले, “वाटेत कुणी वळखीचं भेटलं अन् त्याचा डबा निघाला, तं?” ते चेष्टा करत होते की खरं बोलत होते, मला अजून कळलेलं नाही.

बाईंच्या अंगणात चार-पाच कुटुंबं येऊन बसली होती. गाठोडी बांधलेली होती. ती मुलगी उभी होती, अंगात प्रवासाचा स्वेटर, आणि तिचं दप्तर आईच्या गाठोड्याला बांधलेलं. आम्ही पाचही कट्टे उतरवून ओळीने लावले.

मुलीची आई उठली. तिने स्वतः कट्ट्यांची तोंडं सोडली. एकेका कट्ट्यात कोपरापर्यंत हात घातला आणि अगदी तळचं धान्य वर काढून बघितलं, वर चांगलं आणि खाली भलतंच तर नाही ना. ज्वारीचा एक दाणा दाताखाली फोडला. “बराबर हाय,” ती म्हणाली. मग गाठोड्यापाशी गेली आणि दप्तराची गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट होती, तिला वेळ लागला. मुलगी तोवर हात पुढे करून उभी होती.

माझे डोळे भरून आले. म्हणून मी मामांवर ओरडले, की कट्टे उन्हात का ठेवलेत.

धान्य बाईंच्या कोठ्यांत ओतलं. रिकामी पोती झटकून बाईंनी त्यांच्या नीट घड्या घातल्या, माझ्या हातात द्यायला म्हणून, आणि मग थांबून त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. फळीवर, चुलीपाशी, कोनाड्यात. काय शोधतायत ते माझ्या लगेच लक्षात आलं.

“बाई, ती पोती आहेत,” मी म्हटलं. “भांडी नाहीत. पोती रिकामी दिलेली चालतात.”

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कोणी सांगितलं तुला?”

मी काही बोलायच्या आत मुलीची आई पुढे झाली. तिने आपल्या गाठोड्यातून वाटेसाठी बांधलेल्या शिदोरीतली एक पुरचुंडी काढली आणि पोत्यांच्या घडीत ठेवली. “दोन भाकरी हायेत अन् ठेचा,” ती म्हणाली. “वाटंत खा.”

उद्या ती ट्रकात बसणार होती. पाच महिने रस्ता, फड आणि कोयता. आणि मी अर्ध्या-पाऊण तासात अंबडला हॉटेलात जेवणार होते. मी नको म्हणायला तोंड उघडलं. मागून मामा खोकले. मी तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी पोती घेतली.

अंबडच्या अलीकडे गाडी थांबवून मी आणि मामांनी एकेक भाकरी खाल्ली. ठेचा चांगलाच जहाल होता. मामा म्हणाले, “ताई, लई तिखट हाय ना?” मी म्हटलं, हो, फार. त्यांनी पाण्याची बाटली दिली आणि दुसरीकडे बघत राहिले.

भाकरी ज्यात बांधली होती ते फडकं निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचं आहे, बहुतेक जुन्या शाळेच्या फ्रॉकचं. ते धुऊन, घडी करून मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं आहे. पाडव्याच्या सुमाराला टोळ्या परततात, तेव्हा ते मला तीर्थपुरीला नेऊन द्यायचं आहे. त्यात काय बांधायचं ते काही ठरत नाही. मामांना विचारलं तर ते म्हणाले, बघा बुवा, तुमचं तुम्ही. मेथीचं पाकीट तर नेता येणार नाही. त्या मुलीच्या आईकडे ते पेरायला जागा नाही.